तीन ठिपक्यांची जोडीदार

सावाई बेट, सामोआ
१२ फेब्रुवारी १९९६

लोसा,

देवाची कृपा तुझ्या घरावर असो. हे पाद्रीबाबांना ऐकवायचं वाक्य झालं. आता आपलं बोलते.

फेतू तुझ्याकडे नीट पोचल्याचं कळलं. फोन दुकानात सेफोने घेतला, म्हणजे माझ्या आधी गावाला कळलं. यापुढे फोन करू नकोस, पत्र लिही. सेफोचे कान सुपाएवढे आणि तोंड त्याहून मोठं.

आता नीट वाच. डॉक्टरांचा कागद मी तीनदा वाचलाय, अडलेले शब्द पाद्रीबाबांच्या कपाटातल्या जाड कोशात शोधलेत. आपल्या सगळ्यांच्याच अंगात बारीक गाठी असतात, ताप आला की गळ्याशी फुगतात त्या. फेतूच्या छातीत, मधल्या हाडामागे, तसली एक गाठ काही कारण नसताना वाढत वाढत कैरीएवढी झाली आहे. कर्करोग नाही. आजाराचं नाव कॅसलमन. फार थोड्यांना होतो. हृदयातून निघणाऱ्या मोठ्या नळीला ती गाठ वेलीसारखी बिलगली आहे, म्हणून कापता येत नाही. किरणांचा शेक देऊन आटवायची. ते यंत्र आपल्याकडे नाही, तुझ्या शहरात आहे.

आपियाच्या व्हिसा कचेरीत काय झालं ते फेतूने तुला सांगितलं नसेल. कारकुनाने विचारलं, "हिच्या सोबत कोण जाणार?" मी म्हटलं, "मी. आई." त्याने जन्माचा दाखला उघडला. "आईचं नाव लोसा, राहणार ऑकलंड. मग झालं की! आई तिथेच आहे, सोबत कशाला?" शिक्का मारला. मी तिथेच उभी. तर म्हणतो, "मावशी, जरा बाजूला व्हा, मागच्याला येऊ द्या."

मावशी!

एकोणीस वर्षांपूर्वी तू तिला माझ्या मांडीवर ठेवलीस तेव्हा ती बारा दिवसांची होती. मला आणि इओआनेला मूल नव्हतं, तू परदेशी निघाली होतीस. बहिणीने बहिणीला मूल वाढवायला देणं आपल्याकडे काही नवं नाही. दिलंस, मी पदर पसरून घेतलं. पण आता ते उसनं दिल्यासारखं करू नकोस.

ती डाव्या कुशीवर झोपते. तिकडे मिळते ती बर्फात गोठवलेली अळकुडी तिच्या घशाखाली उतरत नाही. घाबरली की गप्प होते. तुला वाटेल, काय समजूतदार पोर आहे. ती समजूतदार नाही, घाबरलेली आहे. अशा वेळी बोलायचं नाही, नुसता पाठीवरून हात फिरवायचा. शेक कधी सुरू होणार तो दिवस आणि वेळ कळव, त्या वेळी मी चर्चमध्ये बसेन.

इओआनेच्या पोटात गाठ होती तेव्हा त्याला कुठल्याच यंत्राकडे कुणी धाडलं नाही. तीन वर्षं झाली. त्याची चटई अजून त्याच कोपऱ्यात आहे. या घरातून आणखी एक माणूस कमी करायला माझ्याकडे माणूस नाही, एवढं ध्यानात ठेव.

एसेता


मांगेरे, ऑकलंड
२६ फेब्रुवारी

ताई,

पत्र मिळालं. आमच्या नवरोबाने, विलीने, सेफोच्या कानांच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचलं, पुढचं मी त्याच्या हातातून काढून घेतलं.

आधी चांगलं सांगते. बर्फातली अळकुडी तिने दोन ताटल्या खाल्ली. डाव्या कुशीवर झोपत नाही, पालथी झोपते. तिथे डाव्या बाजूला तू असशील म्हणून झोपत असेल.

शेक म्हणजे चूल नाही गं. काही दिसत नाही, काही लागत नाही. अरुंद टेबलावर उताणं झोपायचं, यंत्र भोवती फिरतं, भुंग्यासारखं गुणगुणतं, पाच मिनिटांत मोकळी. पण तेवढा वेळ आत कुणाला थांबू देत नाहीत. असे पंचवीस शेक, शनिवार-रविवार सुट्टी. गेल्या मंगळवारी तिच्या छातीवर सुईने शाई घालून तीन ठिपके गोंदले, आणि आज पहिला शेक झाला. मी दाराबाहेर होते. बाहेर आली ती माझा हात धरूनच. कागदावर आईची सही लागते, ती मी केली.

बिस्किटांच्या कारखान्यात मी दुपारची पाळी मागून घेतली आहे, म्हणजे सकाळ सगळी तिची. तिला गरम कोट घेतला, निळा. तिला निळा शोभतो. तुला ठाऊक होतं? तुझ्या सगळ्या फोटोंत ती चर्चच्या पांढऱ्यातच असते.

शेक सकाळी दहाला असतो. आणि तू प्रार्थनेला बसशील ती वार बघून बस. आमचा सोमवार म्हणजे तुमचा रविवार. तू सोमवारी डोळे मिटशील तेव्हा इथे मंगळवारचा शेक चालू असेल. आम्ही तुझ्या एक दिवस पुढे आहोत.

तुझी लोसा


सावाई
८ मार्च

लोसा,

गोंदले? आणि हे तू एका ओळीत लिहितेस, बाजारातून मीठ आणल्यासारखं?

कुणाला विचारलंस? तुआला काका आपल्या घराण्याचे मताई आहेत, घरात शेवटचा शब्द त्यांचा. त्यांच्या कानावर घातल्याशिवाय आपल्या घरात कुणाच्या अंगाला सुई लागलेली नाही. गोंदणाऱ्याला मानाची चटई दिलीस का? शेवटी तेल-हळद लावली का? आणि तीनच ठिपके काय? अर्धवट सोडलेल्या गोंदणाएवढी लाज दुसरी नाही. आपल्या गावातला तो फिली एक मांडी गोंदून झाल्यावर पळाला, त्याला चाळीस वर्षं झाली. अजून लोक त्याच्या नातवाला "पळपुट्याचा नातू" म्हणून हाक मारतात, आणि तो पोरगा ओ देतो!

बरं, हे सगळं एक वेळ सोडू. तिची जोडीदार कोण होती?

तू तिकडे गेलीस म्हणून एवढंही विसरलीस? आपल्यात कुणी एकट्याने सुईखाली जात नाही. एकाचं गोंदताना दुसरा शेजारी आडवा असतो, मग त्याची पाळी. दुखणं दोघांत वाटलं जातं आणि ती गाठ जन्माची बसते. इओआनेचा जोडीदार लाफाएले. इओआने गेला त्या दिवशी तो दुसऱ्या बेटावरून पहिल्या बोटीने आला, रडला नाही, काही नाही, पायांशी बसला आणि म्हणाला, "माझं अर्धं गोंदण चाललं." आणि माझ्या मुलीला परक्या शहरात, परक्या टेबलावर, एकटीला गोंदलं, आणि तू दाराबाहेर कोटाचा रंग ठरवत बसलीस.

मी असते तर विचारलं असतं. पण मी मावशी पडले.

इथे कुणाला सांगितलेलं नाही. तुआला काका विचारतात, "पोर कशी आहे?" मी म्हणते, "बरी आहे." ते माझ्या तोंडाकडे बघत राहतात.

रविवारी दहाला सगळं चर्च स्तोत्र म्हणतं, तो तुमचा सोमवारचा शेक. सोमवार ते गुरुवार मी एकटीच जाऊन बसते. झाडणारी बाई म्हणते, "एसेता, कुणाची वाट बघता?" मी तिला काय सांगू, की जे घडायचं ते आजच्या तारखेला नाही, उद्याच्या तारखेला घडतंय?

फेतूला म्हणावं, स्वतःच्या हाताने दोन ओळी लिही.

एसेता


मांगेरे
१७ मार्च

ताई,

तुझं पत्र वाचून विली इतका हसला की खुर्ची मागे कलंडली. "पळपुट्याचा नातू" आता आमच्या घरातली म्हण झाली आहे.

अगं, ते आपलं गोंदण नव्हे. तिळाएवढे ठिपके. एक छातीच्या मधोमध, दोन दोन बाजूंना बरगड्यांवर. खोलीच्या भिंतींतून तांबड्या उजेडाच्या रेघा येतात. त्या रेघा तिन्ही ठिपक्यांवर बरोबर जुळल्या की मगच यंत्र चालू करतात. रोज किरण त्याच जागी पडावेत, हृदयावर भलतीकडे पडू नयेत, एवढ्याचसाठी. अंघोळीत पुसून जाऊ नयेत म्हणून सुई. यात तुआला काका, चटई आणि हळद कुठून आणू?

पण जोडीदाराचं वाचलं आणि माझं हसू थांबलं.

ती खरंच त्या खोलीत एकटी असते. जाड दार बंद होतं, वर लाल दिवा लागतो, आणि मी बाकावर बसून दिव्याकडे बघत राहते. म्हणून मी तिथल्या बाईला म्हटलं, मलाही तीन ठिपके दे. ती म्हणाली, "तुम्हाला आजार कुठे आहे?" मग विलीच्या ओळखीचा एक जण गराजमध्ये गोंदतो, त्याच्याकडून करून घेतले. बरोबर त्याच जागी, तेवढेच. फेतूला सांगितलं तर ती माझ्याकडे बघतच राहिली.

तेव्हा आता काळजी सोड. तिची जोडीदार मी आहे.

तिचा घसा आतून भाजल्यासारखा झालाय. पाण्याचा घोटसुद्धा टोचतो. डॉक्टर म्हणतात, किरण अन्ननलिकेजवळून जातात, हे होणारच आणि नंतर आपोआप बरंही होणार. छातीची कातडी उन्हात होडी वल्हवून आल्यासारखी रापली आहे. थकते फार. लिहायला त्राण नाही तिला. तिचं जे काही सांगायचं ते मी सांगतेच आहे.

लोसा


सावाई
२७ मार्च

लोसा,

पत्र मिळालं.

तू आणि सुई? शाळेत टोचायला नर्स आली तेव्हा चर्चमागच्या नीरफणसावर चढून बसलेली पोरगी तूच ना? दुपार टळली तरी खाली आली नाहीस. नर्सच्या वहीत नावं जुळेनात, म्हणून मीच पुन्हा रांगेत उभी राहिले आणि तुझ्या नावानेही टोचून घेतलं. दोन्ही दंड आठवडाभर सुजले होते. तू वरून विचारत होतीस, "ताई, दुखलं का गं?"

असो. माणूस बदलतं.

जोडीदार एकच असते हे तुला माहीत आहे. ती जागा भरली म्हणतेस. बरं.

घशासाठी कोकोतला भात पातळ शिजवून पूर्ण गार करून दे. वरून नारळाचं घट्ट दूध, साखर कमी. तिला चमचा नको असतो, वाटी तोंडाला लावू दे. सांडलं तर बोलू नकोस.

एसेता


मांगेरे
५ एप्रिल

ताई,

गेल्या शुक्रवारी पंचविसावा शेक झाला. तिथल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. काल छातीचा फोटो काढला, गाठ पूर्वीपेक्षा आत्ताच थोडी लहान दिसते. डॉक्टर म्हणाले, शेक संपला तरी ती पुढे काही महिने आटत राहील. पुढचा फोटो जुलैमध्ये. त्यावरून खरं काय ते कळेल.

आता दुसरं. तू रागावशील हे माहीत असून लिहिते आहे.

मी तिच्यासाठी इथेच राहायचा अर्ज आणला आहे. इथल्या नागरिकाची मुलगी म्हणून तिला परवानगी मिळते. जुलैला फोटो, मग पुन्हा सहा महिन्यांनी, सारखं बोटीत आणि विमानात कशाला दमवायचं? इथे नर्सिंगचं शिक्षण आहे. ती हुशार आहे, ताई. यंत्राजवळच्या बाईला असे प्रश्न विचारते की ती बाई दुसऱ्या दिवशी उत्तर बघून येते. तिथे येऊन ती काय करणार? चटया विणणार?

अर्जात आईच्या नावाला एकच ओळ आहे. मी माझं लिहिलं. दाखल्याशी जुळायला हवं.

तू म्हणशील मी हिसकावते आहे. म्हण. पण तिचे दात आले ते तू पाहिलंस, पाय फुटले ते तू पाहिलंस, ती शहाणी झाली तेव्हा तिने तुला सांगितलं. मी दर नाताळला एक खोकं पाठवायची, आणि कपड्यांचं माप दरवेळी चुकायचं. मला आठ आठवडे मिळाले आणि तेही दुखण्याचे. ती झोपेत "आई" म्हणते. मी लगेच ओ देते. ती डोळे उघडते, मला बघते, आणि गप्प होते.

तूच लिहिलं होतंस गप्प झाली की काय समजायचं ते. ते तू लिहिलं नसतंस तर बरं झालं असतं.

कोकोतला भात केला, तू सांगितलास तसाच, गार करून. म्हणाली, "छान झालाय." अर्धी वाटी ठेवली.

लोसा


ऑकलंड
९ एप्रिल

आई,

हे पत्र तालिया काकूंच्या हाती पाठवते आहे, त्या ईस्टर करून गावी परत येताहेत. घरातल्या कुणाला माहीत नाही. तू पण दाखवू नकोस.

मी बरी आहे. घसा आता फक्त गरम चहाला कुरकुरतो. काल मी भाजलेला मासा खाल्ला, काटे काढून. जिन्यावरून चढताना धाप लागायची ती कमी झाली.

तुला आधी लिहिलं नाही कारण दोन ओळी लिहिल्या की तिसरी खोटी व्हायची. तुला बरं वाटेल असं लिहायला लागले की इथल्यांवर अन्याय, इथलं चांगलं लिहिलं की तुला लागणार. तिला मी काय हाक मारू हेही मला कळत नाही. "मावशी" म्हटलं की तिचं तोंड उतरतं, "आई" म्हणायला जाते तर जीभ अडते. म्हणून मी हाकच मारत नाही. उठून जवळ जाते आणि मग बोलते. या घरात मी फार चालले गं, दोन महिने.

आता गुपित सांगते. तिने तुला आणि मला सांगितलंय ना, की गराजमध्ये ठिपके गोंदून घेतले? ते बॉलपेनचे आहेत. रोज सकाळी न्हाणीघरात आरशापुढे उभी राहून काढते. मी फटीतून पाहिलं. जीभ बाहेर काढून, एक डोळा मिटून काढते. रात्रीपर्यंत कारखान्याच्या घामाने पुसट होतात. एकदा तर डावा ठिपका पार पोटापर्यंत ओघळला होता. परवा पेन सापडेना तर दार थोडं उघडून माझं मागितलं. म्हणाली, "यादी करायची आहे, वाणसामानाची." न्हाणीघरात कुणी यादी करतं का? मी पेन दिलं. मला हसू आलं आणि मग रडूही आलं. शेक संपले तरी ती अजून काढते.

तू तिला बोलू नकोस. तिला सुईकडे नुसतं बघूनही घाम फुटतो. माझं रक्त काढतात तेव्हा ती भिंतीवरचं कॅलेंडर वाचते.

मी यंत्राजवळच्या बाईला विचारलं, तीन ठिपके कशाला, मधला एक पुरे की. ती म्हणाली, "मधला एकच असता तर तू एका बाजूला कललेली आम्हाला कळली नसती. बाजूचे दोन आहेत म्हणून कळतं." रोज मला दोन्ही खांद्यांना धरून इकडे अर्धं बोट, तिकडे अर्धं बोट सरकवायच्या. मी मनात म्हणायचे, बाई, मला हे घरीही करतात.

आई, तुझी पत्रं तिच्या कपाटात आहेत. मी वाचली. तिने तुला लिहिलेलीही मला साधारण कळतात. तुम्ही दोघींनी मला एकदाही विचारलेलं नाही. अर्जावर माझी सही लागते, ती मी केलेली नाही.

मी मे महिन्यात घरी येते आहे. डॉक्टरांनी हो म्हटलंय, आणि एवढं तिलाही माहीत आहे. जुलैला फोटोसाठी परत यायचं आहे. त्यानंतरचं मला अजून माहीत नाही. खरंच माहीत नाही, लपवत नाहीये. पण मला नर्सिंग शिकायला आवडेल, आई. हे एक वाक्य लिहायला मला पाच दिवस लागले.

मी पालथी झोपत नाही. ती खोलीत डोकावते तेव्हा तोंड लपवायला पालथी होते. मग पुन्हा डाव्या कुशीवर.

तुझी,
फेतू


सावाई
२४ एप्रिल

लोसा,

तुझं ५ तारखेचं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण पहिली दोन उत्तरं मी चुलीत घातली. हे तिसरं.

मी तुला काही सांगितलेलं नाही ते सांगते. फेतूचा घसा भाजल्याचं तू लिहिलंस, तिला तुझ्या हातचं जेवण जात नसेल असं मनात आलं, तेव्हा मला बरं वाटलं. हातातलं पातेलं खाली ठेवेपर्यंत बरं वाटत होतं. मग कळलं की मी कशाने खूश झाले आहे. त्या दिवशी चर्चमध्ये बसले पण प्रार्थना केली नाही, तोंड नव्हतं. हेवा असा असतो. मुलगी उपाशी आणि आई खूश.

दुसरं. २७ मार्चचं पत्र तुला टाकलं आणि तशीच शेजारच्या गावी गेले, म्हाताऱ्या गोंदणाऱ्याकडे. तुआला काकांना विचारलं होतं. त्यांना सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "मला वाटलं, पोर गेली. तू तोंड असं करून फिरत होतीस." मग म्हणाले, "जा."

म्हातारा म्हणाला, "बाईमाणसाच्या मांड्या गोंदतात. बरगड्यांवर ठिपके? ही कुठली नक्षी?"

मी म्हटलं, "यंत्राची."

"कुठलं यंत्र?"

"ऑकलंडचं."

"मग ऑकलंडला जा."

"जाऊ देत नाहीत. दाखल्यावर माझं नाव नाही."

तो गोंदायची हाडाची फणी पुसत राहिला. मग म्हणाला, "पोरीला जोडीदार आहे का?"

"आहे. दुसरी आहे."

"मग तू कशाला करून घेतेस?"

मी खरं ते सांगितलं. म्हटलं, "हेव्याने."

म्हातारा एवढा हसला की त्याला ठसका लागला. "हेव्याने गोंदलेलं पक्कं बसतं," म्हणाला, आणि मला आडवं केलं. माझ्या शेजारी कुणी नव्हतं. तीन ठिपके, प्रत्येकाला चार-पाच ठोके. बरगडीवर फार दुखतं गं. फेतूला बारीक सुईने केलं असेल, तरी दुखलं असेल. त्या टेबलावर एकटीने पडून राहणं काय असतं ते मला तेव्हा कळलं. आणि दाराबाहेर बाकावर बसून लाल दिव्याकडे बघणं काय असेल, ते घरी परत येताना वाटेत कळलं.

माझ्या लग्नातली चटई त्याला दिली. इओआनेची नाही, ती अजून त्या कोपऱ्यातच आहे. तेल-हळद मात्र त्याने लावली नाही. म्हणाला, जोडीचं गोंदण एकटीचं पुरं होत नाही. सगळ्यांना घेऊन ये, मग एकदाच लावू.

फेतू मे महिन्यात येते आहे. तू तिच्याबरोबर ये. कारखान्यातून सुट्टी मिळत नाही म्हणशील. पाच आठवडे पाळी बदललीस, तशी ही एक बदल. जुलैला फोटोसाठी तिला तूच परत घेऊन जा. फोटो चांगला येवो, एवढंच माझं मागणं आहे. तिला नर्स व्हायचं असेल तर होऊ दे. ते तिने ठरवायचं, आणि अर्जावर तिचीच सही हवी. आईच्या नावाची एकच ओळ आहे म्हणतेस, तर तुझं नाव राहू दे. दाखल्याशी जुळायला हवं. मला मावशी म्हणवून घ्यायची सवय त्या कारकुनाने लावलीच आहे.

पण हळद आपल्याच अंगणात लागेल.

म्हाताऱ्याला मी विचारलं, एकीला दोन जोडीदार चालतील का. म्हणाला, असं कधी झालेलं नाही, पण ऑकलंडच्या यंत्राचं गोंदणही कधी झालेलं नव्हतं. दोन चटया लागतील, म्हणाला. एक मी दिली आहे. दुसरी विणायला घेतली आहे, तुझ्या नावाची.

तुझे ठिपके तिथल्या पाण्याने फिके झाले असतील तर काळजी करू नकोस. तो पुन्हा गिरवून देईल, मी बोलून ठेवलंय. पाच मिनिटांचं काम आहे.

आणि चर्चमागचा नीरफणस मोठ्या वादळात पडला, तुला कुणी कळवलं नसेल. आता चढायला काही उरलेलं नाही. या खेपेला तुझ्या नावाचं मी टोचून घेणार नाही. शेजारी आडवी मात्र होईन.

तुझी ताई,
एसेता